नाव कुठलं लिहू, बोली कुठली सांगू?

भाषा आणि लिहिणं यांबद्दल तुम्ही विचारलेल्या प्रश्नांना या पानावर उत्तरं देते. नव्या वाचकांसाठी सांगते, मी धुळ्याची. उमेदीची सगळी वर्षं छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली. त्यामुळे उत्तरात कुठे तोडून बोलल्यासारखं वाटलं तर ती लाल पेनाची सवय समजा.

प्रश्न : ताई, तुमच्या पानावर वाचकांची पत्रं ‘मि’, ‘आणी’, ‘दूसरा’ असल्या चुकांसकट छापली जातात. मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. ज्याला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, त्याच्या हातून भाषेची अस्मिता काय टिकणार? निदान मासिकाने तरी ताळतंत्र सोडू नये.
— एक निवृत्त मुख्याध्यापक, शिरपूर

उत्तर : सर, नमस्कार. तुमचं पत्र मात्र एकही चूक न करता लिहिलेलं आहे, ते वाचून जुन्या धंद्याला बरं वाटलं.

पण शुद्धलेखनाचे आजचे नियम काही ज्ञानेश्वरांनी घालून दिलेले नाहीत. साहित्य महामंडळाने ते केले. त्यांतल्या पहिल्या चौदांना शासनाने १९६२ साली मान्यता दिली आणि १९७२ साली आणखी चार वाढवले. ‘कांहीं’, ‘नांव’, ‘घरांत’ यांच्या डोक्यावरचे न बोलले जाणारे अनुस्वार तेव्हा गेले. ते गेले म्हणून हळहळणारे, ‘आता भाषा संपली’ म्हणणारे गुरुजी मला चांगले आठवतात. तुम्हालाही आठवत असतील.

त्याच्याही मागे जा. मोडीत वेलांटी-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळलेला नसतो. एका वेलांटीवर आणि एका उकारावर सगळं भागतं. पेशवाईचा जमाखर्च, तह, सनदा, खलिते या सगळ्यांवर हीच लिपी चालली. नाना फडणविसांना अशिक्षित म्हणायची माझी तरी तयारी नाही.

पाठ्यपुस्तक, कायद्याचा मसुदा, औषधाच्या बाटलीवरची सूचना इथे नियम हवेतच, सर. त्याच्यावरच माझं पोट भरलं. पण गेल्या अंकात जिचं पत्र छापलं ती बाई आयुष्यात पहिल्यांदा स्वतःबद्दल चार ओळी लिहीत होती. ‘मि’चं ‘मी’ मला करता आलं असतं. मग वाक्याची रचनाही जरा सारखी करावीशी वाटली असती, मग एखादा शब्द. एवढं झाल्यावर ते पत्र माझं झालं असतं. या पानावर मजकूर असाच छापला जाईल, तुमची तक्रारसुद्धा.

प्रश्न : ताई, मी साक्री तालुक्यातला, नोकरीला पुण्यात आहे. मागच्या वर्षी आई गेली. तिच्याबद्दल लिहायला घेतलं, पण प्रमाण मराठीत लिहिलं की ती माझी वाटतच नाही. शेजारच्या बंगल्यातली कुणी बाई वाटते. घरी आम्ही तिला माय म्हणायचो आणि सगळं बोलणं अहिराणीत. अहिराणीत दोन पानं लिहून मित्रांना वाचून दाखवली तर ते हसले. ‘विषय एवढा गंभीर आणि तू कॉमेडी काय करतोस?’ म्हणाले. शिवाय अहिराणी लिहायची कशी, याचे काही ठरलेले नियमही नाहीत. लिहू की सोडून देऊ?
— एक वाचक, पुणे

उत्तर : भाऊ, मन्ही माय बी अहिराणीच बोले. म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

आधी ते हसू कुठून येतं ते बघू. नाटकात, सिनेमात, मालिकेत खानदेशी, वऱ्हाडी, मालवणी बोलणारं माणूस आलं की ते बहुतेक वेळा गडी असतं, नाहीतर भाजीवाली, नाहीतर ढेरपोट्या हवालदार. नायिका रडते ती प्रमाण भाषेत. कथा-कादंबरीतही बरीच वर्षं एक वहिवाट पडून गेली आहे. निवेदन प्रमाण मराठीत करायचं आणि अवतरणचिन्हांत बोली टाकायची. म्हणजे विचार लेखकाने करायचा आणि त्या माणसांनी नुसतं बोलून दाखवायचं. वाचकाचा कान यावर पोसलेला आहे. तुझे मित्र तुझ्या मायला हसले नाहीत. डोक्यात बसलेल्या त्या हवालदाराला हसले.

तेव्हा अर्धंमुर्धं करू नको, एवढं माझं सांगणं आहे. ‘निवेदन प्रमाणात ठेव आणि मायचे संवाद अहिराणीत’ असा सल्ला तुला दहा जण देतील. समजूतदारपणाचा वाटतो, पण त्याने तुझी माय पुन्हा एक पात्र होते आणि तू तिच्याकडे बाहेरून बघणारा साहेब. एक प्रकरण तरी निवेदनासकट अहिराणीत लिही. ती कळण्याची भाकर थापते आहे, खापरावर मांडा टाकते आहे, उधारी मागायला आलेल्या माणसाला दारातच उभं ठेवून परत पाठवते आहे. हे सगळं तुझ्या मनात ज्या भाषेत चालतं, त्याच भाषेत कागदावर येऊ दे. मग ते पुण्यातल्या मित्रांना न वाचता आधी गावाकडच्या मावशीला फोनवर वाचून दाखव. ती ज्या ओळीला ‘हां, आशीच व्हती ती’ म्हणेल, ती ओळ ठेव. जिथे गप्प बसेल तिथे तू पुण्याचं काहीतरी घुसडलेलं असशील.

आता लिहायचं कसं. अहिराणीत ‘ळ’ नाही, त्याच्या जागी ‘य’ येतो हे तुला मी काय सांगायचं. डोया, शाया, काया. आमच्याकडे खिळ्यांचा, म्हणजे सुटी अक्षरं जुळवून छापायचा, छापखाना होता तेव्हा कधी अहिराणी गाण्यांची चोपडी जुळवायला आली की ‘ळ’चा कप्पा भरलेलाच राहायचा आणि ‘य’ मध्येच संपायचा. मग जुळारी अक्षरांच्या दुसऱ्या पेटीतून ‘य’ उसने आणायचा. कुणी ‘शे’ लिहितं, कुणी ‘से’. कुणी ‘मन्हा’, कुणी ‘मना’. बागलाणात एक, धुळ्यात दुसरं, चाळीसगावकडे तिसरंच. तू यांतलं बरोबर कुठलं ते शोधत बसू नको. तुझी माय कसं म्हणायची ते आठव, एका वहीच्या मागच्या पानावर त्या शब्दांची यादी कर आणि पुस्तकभर तसंच लिही. पान ५ वर ‘शे’ आणि पान ५० वर ‘से’ झालं तर मात्र मी लाल पेन घेऊन येईन.

आणि कंसात प्रमाण मराठीतला अर्थ देऊ नको. कंस आला की वाचक कंसच वाचतो. प्रकाशक फारच मागे लागला तर शेवटी शब्दांची एक यादी जोडा, पण शेवटीच.

शांताबाई कांबळे यांनी आपल्या आत्मकथेचं नावच ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ असं ठेवलं. पुस्तक १९८६ सालचं. बाई स्वतः प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, ‘माझ्या’ आणि ‘जन्म’ मुलांना फळ्यावर लिहून देणाऱ्या. त्यांना ते येत नव्हतं असं कोण म्हणेल? जे येत होतं ते बाजूला ठेवून त्यांनी मुखपृष्ठावरच आपला उच्चार छापला. पुस्तक उघडायच्या आधीच वाचकाला कळतं की इथे बोलणार कोण आहे.

एक इशारा. कुणीतरी तुला नक्की म्हणणार, ‘बहिणाबाईंनी नाही का अहिराणीत लिहिलं, तसं लिही.’ ऐकून घे आणि सोडून दे. बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या. त्यांची बोली लेवा गणबोली, जळगाव-भुसावळ-यावल-रावेरकडची. अहिराणी वेगळी. मुंबई-पुण्याला खानदेश म्हणजे एकच बोली वाटते, त्याला इलाज नाही. दुसरं म्हणजे त्यांनी लिहिलं नाही, त्यांना अक्षरओळख नव्हती. त्या काम करता करता रचत गेल्या आणि मुलगा सोपानदेव व घरातली माणसं ते उतरवून ठेवत गेली. १९५१ साली त्या गेल्या, १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. तिथे उतरवून घेणाऱ्याच्या कानाला माणूस समोर होतं. तुला ते नाही. म्हणून आठवतंय तोवर लिही, नीट मागून करता येईल. सोडून बिलकुल देऊ नको.

प्रश्न : जनगणनेत मातृभाषा विचारतात. आमच्या घरात अहिराणी, पण शाळा, बँक, पत्रव्यवहार सगळं मराठीत. अहिराणी सांगितली तर मराठी बोलणाऱ्यांचा आकडा तेवढा घटेल. आत्ता कुठे अभिजात दर्जा मिळालाय, त्याला धक्का बसेल का? यजमान म्हणतात, गपचूप मराठी सांग.
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : यजमानांना सांगा, अभिजात दर्जा डोकी मोजून मिळत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने तो दिला तो भाषेचं आणि तिच्यातल्या जुन्या साहित्याचं वय पाहून. तुमच्या घरातली पाच माणसं इकडची तिकडे झाल्याने गाथासप्तशतीसारख्या जुन्या ग्रंथाचं वय कमी होत नाही.

जनगणनेतली मातृभाषेची व्याख्या अगदी सरळ आहे. लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलली, ती. आई लहानपणीच गेली असेल तर घरात मुख्यतः बोलली जायची ती. शाळा, बँक, पत्रव्यवहार यांचा तिथे संबंधच नाही. शिवाय मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषा नोंदवता येतात, तिथे मराठी सांगा. ती काही बेवारस होत नाही. अहिराणी ही मराठीची बोली की वेगळी भाषा यावर विद्वानांना भांडू द्या. दारात आलेल्या प्रगणकाने तुमच्याशी भांडायचं नसतं. तुम्ही जे नाव सांगाल ते त्याने लिहायचं असतं. पुढे कुठल्या भाषेखाली कोणतं नाव धरायचं ते दिल्लीत ठरतं.

२०११ साली देशात मराठी सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. ‘खानदेशी’ हे सदर मराठीहून वेगळं दाखवतात. अहिराणी त्यातच येते. ते भरलं १८ लाख ६० हजार. धुळे, नंदुरबार, जळगावचा पश्चिम भाग, मालेगाव-बागलाण आणि सुरतेला गेलेली आपली माणसं, एवढा मुलूख डोळ्यापुढे आणा आणि तुम्हीच सांगा हा आकडा पुरा वाटतो का. मला तरी वाटत नाही. किती घरांत ‘गपचूप मराठी सांग’ असं झालं असेल याचा अंदाज तुमच्या पत्रावरून येतो.

आणि घरातल्या प्रत्येक माणसाची मातृभाषा वेगळी नोंदवता येते. यजमानांना मराठी सांगायची असेल तर खुशाल सांगू दे. तुम्ही तुमची सांगा.

प्रश्न : लग्नात माझं नाव बदललं. माहेरचं नाव त्या दिवशी संपलं. रेशनकार्ड, बँक, आधार सगळीकडे सासरचं नाव. आता सत्तरी आली. नातवंडं माझ्या कवितांचं लहानसं पुस्तक काढून देताहेत आणि विचारताहेत, ‘आजी, वर नाव कुठलं टाकायचं?’ मला उत्तर देता आलं नाही. माहेरच्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. सासरचं नाव टाकावं तर या कविता त्या नावाच्या बाईने लिहिल्यात असं वाटत नाही. हसू नका.
— एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, हसत नाहीये. हे पत्र मी छापखान्यातल्या जुन्या मैत्रिणीला वाचून दाखवलं. तिचंही नाव बदललेलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘मला कुणी विचारलं असतं तर मीसुद्धा पुस्तक लिहिलं असतं.’

ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात नाव लिहायचं, सगळ्यांनी वाकून वाचायचं, मग पेढे. ते तांदूळ उचलून पुन्हा डब्यात जायचे. वधूला नाव आधी विचारल्याचं माझ्या ऐकण्यात फार कमी आहे. एकीचं नाव तर नणंदेचं तेच म्हणून बदललं, दुसरीचं पत्रिका जुळेना म्हणून. आणि कायद्याने यातलं काहीच बंधनकारक नव्हतं आणि आजही नाही.

आता मराठी कवींकडे बघा. कृष्णाजी केशव दामले केशवसुत झाले. त्र्यंबक बापूजी ठोंबरे बालकवी झाले. राम गणेश गडकरी नाटकं लिहिताना गडकरी आणि कविता लिहिताना गोविंदाग्रज. आणि तुमच्या नाशिकचेच शिरवाडकर! जन्मनाव गजानन, दत्तक गेल्यावर विष्णू वामन, आणि कवितेला कुसुमाग्रज, तेही कुसुम नावाच्या बहिणीवरून घेतलेलं. तीन नावं. त्यांना कुणी विचारलं नाही की यातला खरा कोण. पुरुषांनी कवितेसाठी नवं नाव घेतलं तर ती प्रतिभा, आणि बाईला नवं नाव दिलं तर तो विधी. घेतलेलं आणि दिलेलं यात एवढा फरक पडतो.

जुन्या बायका याबाबतीत आपल्यापेक्षा पक्क्या होत्या. तेव्हा मुखपृष्ठ कुठलं असायला! नाव घालायची जागा अभंगाच्या शेवटच्या चरणात. जनाबाई कधी स्वतःला ‘नामयाची दासी’ म्हणते, पण त्याला लागूनच ‘जनी’ येतेच. सोयराबाई ‘चोखियाची महारी’ अशी सही करते, नवऱ्याचं नाव आणि आपली जात दोन्ही. ज्या जातीमुळे देवळाच्या दाराशी अडवलं जायचं तीच तिने ओळीत पुढे धरली आहे. ती सही मला नम्र वाटत नाही. मुक्ताई तर मुक्ताईच. म्हणजे मालकाच्या नावाने, नवऱ्याच्या नावाने, नुसत्या आपल्या नावाने, तिन्ही रीती आपल्याकडे आठशे-सातशे वर्षांपासून चालत आल्या आहेत. तुम्ही कुठलीही निवडलीत तरी मागे माणूस उभं आहे.

माझं मत विचारलंत, तर माहेरचं नाव टाका. कारण भावनेचं नाही. पत्रात तुम्हीच लिहिलंय की कविता सासरच्या नावाच्या बाईने लिहिल्यात असं वाटत नाही. निकाल तुम्ही दिलेला आहे, फक्त सही करायची राहिली आहे. आणि एक सुचवू? १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आपल्या राज्यात मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आला आहे. तुम्हाला तो लागू नाही, पण मुखपृष्ठ म्हणजे काही तहसील कचेरी नव्हे. तुमच्या नावापुढे तुमच्या आईचं नाव घालून बघा. मोठ्याने म्हणा. बरं वाटलं तर ठेवा.

व्यवहाराचं : पुस्तकावरचं नाव आधारशी जुळलं पाहिजे असं काही नाही. प्रकाशकाशी करार असेल तर त्यात कागदोपत्रीचं नाव लिहा आणि ‘उर्फ’ म्हणून पुस्तकावरचं. आत लेखिकेच्या परिचयात दोन्ही नावं आली की झालं, सासरच्यांचा रुसवाही राहणार नाही. पुस्तक आलं की एक प्रत या पत्त्यावर पाठवा. मी चुका शोधणार नाही. शोधल्या तरी सांगणार नाही.

प्रश्न : आम्ही टोरांटोत राहतो. मुलगी बारा वर्षांची, मराठी छान बोलते, जळगावच्या आजीशी तासतासभर गप्पा मारते. पण लिहिते रोमन अक्षरांत. आजीला ते वाचता येत नाही. देवनागरी शिकवायचा प्रयत्न केला तर रविवारी रडारड होते. देवनागरी नाही आली तर तिची मराठी खरी मराठी राहील का?
— एक बाबा, टोरांटो

उत्तर : राहील. गोव्यात रायतूरला १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, भाषा मराठी आणि अक्षरं रोमन. मराठीला रोमन अक्षर चारशे वर्षांपूर्वीच लागलेलं आहे, ते तुमच्या लेकीच्या फोनने आणलेलं नाही. गोव्यात आजही रोमी कोकणीत वर्तमानपत्रं निघतात, तियात्रं म्हणजे तिथली नाटकं लिहिली जातात, आणि १९८७ च्या राजभाषा कायद्यात फक्त देवनागरी कोकणी धरली याचा सल त्या लोकांना अजून आहे. त्यांना ‘तुमची कोकणी खरी नाही’ म्हणून बघा, कसं ऐकावं लागतं ते.

पण लिपी सुटली की भाषा नाही तरी कागद सुटतात. आमच्या धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळात मोडी कागदांचे ढीग आहेत. इतिहासाचार्य राजवाडे गेले त्यानंतर लगेच, १९२७ साली, मंडळ स्थापन झालं. ते कागद मराठीच आहेत, आपल्याच पणजोबांच्या हातचे, आणि आपल्याला त्यातली ओळ लागत नाही. तीन पिढ्यांत एवढं झालं. तुमच्या घरात तर ते आत्ताच झालंय, आजी आणि नात एकमेकींचं लिहिलेलं वाचू शकत नाहीत. खरं-खोटं मराठीपेक्षा मला हे जास्त लागतं.

रविवारची शाळा बंद करा. फोनवर मराठीचा असा कळफलक मिळतो की रोमन अक्षरं टाइप केली तरी उमटतं देवनागरी. तो बसवून द्या. ती टाइप करेल तिच्या सवयीने, आजी वाचेल तिच्या सवयीने. आजीला मात्र उत्तर देवनागरीतच पाठवायला सांगा, तेही उपदेशाचं नको. वांग्याच्या भरिताची कृती, शेजारणीची चहाडी, कुणाच्या लग्नात काय झालं, असलं. चहाडी अर्धवट वाचून कुणाचं समाधान होत नाही, पोरगी अक्षरं आपोआप लावेल. हाताने लिहायचं मागून बघू. आधी नुसतं वाचता आलं तरी पुष्कळ.

ऱ्हस्व-दीर्घ एवढ्यात काढू नका. ते शिरपूरच्या सरांना वाचायला पाठवू.